कानोहून पत्र: जंतूच्या अंगावरची साखर

कानो, नायजेरिया

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे मेंदूज्वराची साथ आहे म्हणे, मग तू कशाला थांबलीस?" तेवढ्यात लाइन गेली. म्हणून सविस्तर लिहिते.

हिवाळ्यात सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो. नाक-घसा आतून सुकून चिरतो. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूज्वराचा, मोसम तो हाच. पाऊस पडला की साथ ओसरते. जंतूचं नाव मेनिंगोकोकस. एरवी तो कित्येक धडधाकट माणसांच्या घशात पडून असतो, त्यांना पत्ताही नसतो. क्वचित कुणाच्या रक्तात उतरतो, आणि मग एका दिवसात होत्याचं नव्हतं होऊ शकतं.

गेल्या आठवड्यात रात्रपाळीला एका मुलाच्या पाठीतलं पाणी (मेंदूभोवती असतं तेच) तपासायला आलं. ते नितळ असायला हवं. हे गढूळ, पांढरट होतं. जंतू दिसावेत म्हणून ग्रॅम स्टेनने रंगवलं तर पू-पेशींच्या गर्दीत गुलाबी जोड्या, राजम्याचे दोन दाणे सपाट बाजूने एकमेकांना टेकवावेत तशा. सगळा घात मात्र या जोड्यांच्या अंगावर जे असतं त्याचा, आणि ते आमच्या मायक्रोस्कोपमधून दिसत नाही.

त्यांच्या अंगावर अतिशय बारीक तंतू असतात, त्यांना पिली म्हणतात. त्यांनी जंतू आधी घशाच्या पेशींना धरतो. रक्तात पोचल्यावर त्याच तंतूंनी मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटतो, तिथे वसाहत करतो. भिंतीतल्या पेशींचे सांधे सैल पडतात आणि तो मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरतो. रक्तातल्या प्रवासात त्याला तगवते ती कॅप्सूल, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण. त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्याला गिळता येत नाही. शिवाय अंगावरच्या एका प्रथिनाने तो आपल्याच रक्तातला फॅक्टर एच, म्हणजे संरक्षणयंत्रणेला आवरणारं प्रथिन, पकडून ठेवतो. मग शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला आपलाच समजून सोडून देते. बाहेरच्या पडद्यातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष तो फुग्याफुग्यांनी रक्तात सोडत राहतो. अंगावर जांभळे डाग उठतात, रक्तदाब कोसळतो, तो त्याच्यामुळे.

त्या मुलाच्या नमुन्याची लेटेक्स टेस्ट लावली. कार्डावर सी गटाच्या थेंबात बघता बघता बारीक गुठळ्या धरल्या. ही टेस्ट ओळखते ती कॅप्सूलची साखरच. गट ठरतात तेही तिच्यावरूनच: ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय. सेफ्ट्रायक्सोन हे अँटिबायोटिक आधीच सुरू झालं होतं. मुलगा वाचला, पण ऐकू कितपत येतं ते अजून तपासायचंय. उपचार मिळूनही दहातला एखादा जातो, आणि वाचलेल्यांतल्या काहींना कायमचं बहिरेपण येतं. म्हणून माझा जीव लशीवर आहे.

नुसती साखर टोचली तर तान्ह्या मुलांचं शरीर ती लक्षात ठेवत नाही. तीच एखाद्या प्रथिनाला जोडून दिली की ठेवतं. ए गटाची अशी लस आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत, आणि डिसेंबर 2010 मध्ये ती बुर्किना फासोत द्यायला सुरुवात झाली. एकेकाळी या पट्ट्यात हजारोंनी माणसं मारणारा ए गट आज जवळजवळ नाहीसा झालाय. मग सी गटाने डोकं वर काढलं. 2017 मध्ये नायजेरियात हजारावर माणसं गेली. आता पाच गटांवरची मेनफाइव्ह आली आहे, तीही सिरमचीच, आणि 2024 मध्ये ती सर्वांत आधी नायजेरियाने वापरली. बी गट तिच्यात नाही. त्याची साखर आपल्या मेंदूपेशींवरच्या साखरेसारखीच असते, त्यामुळे शरीर तिच्याविरुद्ध नीट उठत नाही. त्या गटासाठी पृष्ठभागावरची प्रथिनं घेऊन वेगळी लस करावी लागली. इंग्लंडमध्ये बाळांना ती 2015 पासून देतात.

आई, मी लस घेतली आहे, मास्क लावते, आणि इथे हाताला हात कमी आहेत. साथ ओसरेपर्यंत थांबते.

वहिनीला सांगा, ईराचं लसीकरणाचं कार्ड काढून बघ. पेंटाव्हॅलंट लस ज्याच्यावर आहे तो हिब आणि पीसीव्ही लस ज्याच्यावर आहे तो न्यूमोकोकस हेही कॅप्सूलवालेच जंतू, तेही मेंदूज्वर करतात. पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस झालेत ना? आणि पीसीव्हीचा नऊ महिन्यांचा बूस्टर चुकवू नका. कार्डाचा फोटो मला पाठवा.

तुमची,
मुक्ता