कथासंग्रहासाठी वेगळे पैसे ठेव

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, आता दर महिन्याच्या पगारातून पुस्तकांसाठी पैसे बाजूला काढणार. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण लगेच पुढे म्हणालास, "आई, कादंबऱ्याच सांग. कथा नको. मन रमायला लागतं तोच संपते." तेवढ्यात बाबांनी फोन घेतला आणि माझं बोलणं राहून गेलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कथा लवकर संपते, खरं आहे. पण ती संपली की तू पान उलटून दुसरी सुरू करतोस, आणि सगळा घोळ तिथेच होतो. कथासंग्रह सलग वाचायचा नसतो रे. एक कथा वाचावी, पुस्तक मिटावं, त्या दिवशी दुसरी वाचूच नये. जी. ए. कुलकर्णींची 'काजळमाया' एका दमात वाचून काढणाऱ्यांना शेवटी नुसता अंधार आठवतो, माणसं आठवत नाहीत. कादंबरीत दहा पानं पेंगत वाचली तरी निभावतं. कथेत एक वाक्य निसटलं की शेवट हाती लागत नाही, आणि मग लेखकानेच अर्ध्यावर सोडली असं वाटतं. म्हणून चांगली कथा दोनदा वाचायची. पहिल्यांदा काय घडलं ते कळायला आणि दुसऱ्यांदा लेखकाने त्याची तयारी कुठून केली होती ते बघायला. या दुसऱ्या वाचनातला आनंद मला एरवी फार थोड्या गोष्टींत मिळतो.

कुठून सुरुवात करायची म्हणशील तर घरापासून कर. वामन चोरघडे आपल्या नरखेडचे. थोडक्या पानांत साधं माणूस उभं करायचं आणि त्याच्यावर टीकाटिप्पणी न करता बाजूला व्हायचं, हे त्यांना जमायचं. आशा बगे तर नागपूरच्याच. 'भूमी' या कादंबरीला 2006 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून लोक तिचंच नाव घेतात. मला मात्र त्यांच्या कथा जास्त जवळच्या वाटतात. भरल्या घरातल्या बाईचं एकटेपण त्या आवाज न चढवता सांगतात. एखादी बाई स्वयंपाकघरातून माजघरात येते आणि तेवढ्यात तिने काहीतरी ठरवलेलं असतं, आपल्याला ते दोन पानांनी कळतं.

पूर्वी कथेला महिन्याच्या महिन्याला घर होतं. 'सत्यकथा' मासिक 1982 साली बंद पडलं, आणि आता नवी कथा मुख्यतः दिवाळी अंकांच्या आसऱ्याने जगते. म्हणून दिवाळीत एक तरी चांगला अंक विकत घेत जा. राशिभविष्य आणि जाहिराती ओलांडून कथांपर्यंत पोच. ज्याचं नाव कधी ऐकलं नाही त्याची कथा आधी वाच.

कादंबरीबद्दलही मला बोलायचंच आहे. मराठी घरातल्या कपाटात 'स्वामी', 'ययाति', 'मृत्युंजय' असतातच, आपल्याही आहेत. तू शाळेत असताना त्या वाचल्यास, त्यांनी तुला वाचायची गोडी लावली. त्यांचं ऋण आहेच. पण पुष्कळ लोक तिथेच थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथली माणसं फार सुंदर बोलतात. आपण कोणी तसं बोलत नाही. आता तू उद्धव शेळक्यांची 'धग' वाच. 1960 ची कादंबरी आहे. नवरा महादेव संसाराला हात लावत नाही आणि कौतिक एकेका दिवसाशी झुंजत घर पुढे ओढते. संवाद सगळे वऱ्हाडीत. पुण्याकडच्या वाचकाला सुरुवातीला अडखळायला होत असेल, तुला नाही होणार, ती आजीच्या तोंडची भाषा आहे. गरिबीवर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण या लेखकाने कौतिकची कीव केलेली नाही, आणि म्हणून मी तिला मराठीतल्या पहिल्या पाच कादंबऱ्यांत धरते. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही!

आता विकत घेण्याचं. जे परत वाचावंसं वाटेल तेच विकत घ्यायचं, बाकीचं वाचनालयातून आणायचं. मग कपाटात कादंबऱ्यांपेक्षा कथासंग्रह आणि कविताच जास्त साठतात. पाठीवरचा मजकूर वाचून ठरवू नकोस, तो सगळ्याच पुस्तकांचा छान असतो. मधलं कुठलंही पान उघड आणि उभ्याउभ्या वाच. पान उलटावंसं वाटलं तर घे.

जुनं पुस्तक घेताना आधी पानांचे आकडे बघ. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांत छापतात, आणि बांधणीत एखादा फॉर्मा राहून जातो. 96 नंतर एकदम 113 आलं की समजायचं, एक फॉर्मा गेला. मग आपल्या सीताबर्डीच्या बाजारात भरउन्हात केलेली घासाघीस वाया. बांधणी शिलाईची असेल तर डोळे मिटून घे. नुसत्या गोंदावरची पुस्तकं आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत, दोन मे महिने काढले की पानं सुटी होऊन हातात येतात. आणि फूटपाथवर गाजलेल्या पुस्तकांच्या चोरट्या छपाईच्या प्रती असतात, पातळ कागद, पसरलेली शाई, त्यांना हात लावू नकोस. लेखकाच्या पदरात त्यातलं काही पडत नाही.

नव्या मराठी लेखकाचं पुस्तक मात्र नवंच घे, पूर्ण किमतीला. पहिली आवृत्ती 500 ते 1000 प्रतींची निघते. बारा-तेरा कोटींच्या राज्यात एवढ्या प्रती खपायला वर्षं लागतात. कथासंग्रहाची गत तर त्याहून वाईट, प्रकाशक आधीच म्हणतो, "कादंबरी आहे का?" तू घेतलेल्या एका प्रतीने फरक पडतो, हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, 500 च्या हिशेबात तो खरंच पडतो.

पुस्तक विकत घेणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर चल माझ्याबरोबर. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून लाखो लोक येतात. रेल्वेच्या गर्दीत उभ्याने आलेले, भाकरी बांधून आणलेले, आणि जाताना पिशवीत पुस्तकं नेणारे. मागे एक म्हातारी माझ्या शेजारी उभी होती. तिने कमरेच्या चंचीतून घडी घातलेल्या नोटा काढून अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' घेतली. विक्रेत्याला म्हणाली, "नातीसाठी पाह्यजे, पानं नीट पाहून दे बाप्पा." त्याने सगळी पानं फरफर उलटून दाखवली. सवलत तिने मागितली नाही. आपण मॉलमध्ये कॉफीला देतो त्यापेक्षा कमी पैशांसाठी पुस्तक महाग म्हणतो, तेव्हा मला ती आठवते.

'धग' विकत घेऊ नकोस, घरची प्रत कुरिअरने पाठवते. समासात पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्या खोडू नकोस, तुझ्या वेगळ्या रंगात कर. या महिन्याच्या पैशातून आशा बगे यांचा एक कथासंग्रह घे आणि पहिली कथा दोनदा वाचून झाली की फोन कर. रविवारी दुपारी कर, तेव्हा बाबा झोपलेले असतात.

तुझी,
आई