सर, आता आधी त्वरण बघतो

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

गेल्या शनिवारी चाकणला माझा नवा सेल, म्हणजे रोबोटचं कामाचं ठिकाण, सुरू झाला. प्रेसमधून निघालेला पत्रा व्हॅक्यूम कपने उचलायचा, वळायचं आणि फिक्स्चरवर, म्हणजे पत्रा जागेवर धरणाऱ्या साच्यावर, ठेवायचा, एवढंच त्या रोबोटचं काम. सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये दिसला तेवढाच प्रत्यक्षात आला आणि पहिल्या पूर्ण शिफ्टमध्ये एकही पत्रा सुटला नाही. लोक माझं अभिनंदन करत होते आणि मला मात्र तुम्ही खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलेला तो त्रिकोण आठवत होता. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. ते चारचौघांत मानतो आहे, कारण या कामात नव्याने आलेल्या मुलांनाही तो त्रिकोण कळायला हवा.

तीन वर्षांपूर्वी मी अगदीच नवखा होतो. ग्राहकाला सायकलमधून अर्धा सेकंद कमी करून हवा होता आणि मी संगणकासमोर बसून वेगाचे आकडे वाढवत होतो. सेकंदाला १००० मिमीचे १५०० केले, मग २००० केले. वेळ तसूभरही कमी होईना. सॉफ्टवेअरच बिघडलंय अशी माझी खात्री झाली होती. तुम्ही दुसऱ्या कंपनीचे, शेजारच्या मशिनच्या कामासाठी आलेले. माझ्याशी तुमचा काही संबंध नव्हता. तरी मागे येऊन उभे राहिलात आणि विचारलंत, “उचल किती आहे?” म्हटलं, २०० मिमी. “आणि त्वरण?” ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

सिम्युलेशनमध्ये ते सेकंद वर्गाला ४ मीटर निघालं. तुम्ही ग्रिपरच्या (रोबोटच्या पकडीच्या) खोक्याचा पुठ्ठा फाडून गणित मांडलंत. सेकंदाला १ मीटर वेग गाठायला १२५ मिमी अंतर लागतं, थांबायला आणखी १२५. म्हणजे २५० मिमी हवेत आणि आपल्याकडे आहेत २००. रोबोट तो वेग गाठतच नाही. अर्ध्या वाटेत सेकंदाला ८९० मिमीच्या आसपास पोचतो आणि ब्रेक लावायला लागतो. वेगाचा आलेख सपाट माथ्याचा न होता त्रिकोणी होतो आणि त्या हालचालीला ०.४५ सेकंद लागतातच, वर २००० लिहा नाहीतर ५०००. मग तुम्ही उत्तर न सांगता एवढंच विचारलंत, “वरच्या बिंदूवर तो पूर्ण थांबतोय का?” थांबत होता. प्रत्येक बिंदूवर मीच त्याला थांबायला सांगितलं होतं. मार्गाचे वरचे दोन कोपरे न थांबता जाण्यासाठी गोल करून दिले आणि अर्धा सेकंद तिथेच सापडला.

जाताना तुम्ही फोन नंबर दिलात. मी किती वेळा फोन केला त्याचा हिशोब माझ्याकडे नाही, पण एकदाही “आत्ता नको” असं तुम्ही म्हणाला नाहीत.

एका रात्रीचा फोन विशेष लक्षात आहे. रोबोटच्या टोकाच्या जागांची नोंद घेऊन मी त्वरणाचा आलेख काढला होता आणि तो कंगव्याच्या दातांसारखा दिसत होता. गिअरबॉक्स हादरतोय असं समजून मी घाबरलो होतो. तुम्ही शांतपणे विचारलंत की नोंद किती वेळाने आणि किती दशांशांपर्यंत. दर ४ मिलिसेकंदांनी, ०.१ मिमीपर्यंत. “मग भाग दे,” म्हणालात. ०.१ भागिले ०.००४ चा वर्ग, म्हणजे सेकंद वर्गाला ६२५० मिमी. शेवटचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी त्वरणात सव्वासहा मीटरची खोटी उडी दिसते, खऱ्या त्वरणापेक्षाही मोठी. दोष रोबोटचा नव्हता, आकडा गोल करण्याचा होता. जागा जास्त दशांशांत घ्यायची, आधी वक्र गुळगुळीत करायचा आणि मगच दोनदा अवकलन करायचं. त्या रात्री न ऐकता झोपलो असतो, तर सकाळी मी चांगला गिअरबॉक्स उघडायला लावला असता.

मनगटाच्या सिंग्युलॅरिटीचंही तसंच. रोबोटचा पाचवा अक्ष, म्हणजे सांधा, शून्याजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. टोक सरळ रेषेत निवांत सरकत असतं आणि हे दोन अक्ष मात्र आपली मर्यादा गाठेपर्यंत गरागरा फिरतात. टोकाचा वेग बघून हे कधीच कळत नाही, सहाही सांध्यांचे आलेख वेगवेगळे काढावे लागतात. हाताने चालवताना टोकाचा वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही, त्यामुळे तेव्हा सगळं ठीक वाटतं आणि ऑटोवर टाकल्यावर रोबोट अडतो. शनिवारच्या सेलमध्ये मी फिक्स्चर थोडं तिरकं घेतलं ते याच कारणाने, आणि तेही जमिनीत बोल्ट मारायच्या आधी.

पत्रा न सुटण्याचं श्रेयही तुमचंच. १० किलोचा पत्रा ४ मीटरच्या त्वरणाने वर उचलला की कपना तो १४ किलोचा वाटतो, हे तुम्ही सांगितलंत. तोवर मी कप फक्त वजनावरून निवडत होतो. आता त्वरणाचा सर्वांत उंच बिंदू आलेखावर शोधतो आणि तिथला भार धरतो. आडव्या हालचालीत तर पत्रा बाजूला सरकू न देण्याचं काम केवळ घर्षणावर असतं, तिथे मी आणखी सढळ हाताने कप लावतो.

तुम्हाला यातून काहीच मिळणार नव्हतं, सर. तुमची शिफ्ट संपलेली असायची, घरी जेवण वाढलेलं असायचं. फोनवर मागून ताटाचा आवाज यायचा आणि तुम्ही “थांब, कागद घेतो” म्हणायचा. माझ्या आईला तुमचं नाव माहीत नाही, पण “ते रोबोटवाले सर” म्हटलं की तिला कळतं.

तो पुठ्ठा मी जपून ठेवला आहे, चहाच्या डागासकट. गणपती झाले की नव्या सेलचे सहाही आलेख घेऊन घरी येतो. तिसऱ्या अक्षाच्या त्वरणात पत्रा ठेवताना एक छोटा उंचवटा दिसतोय. मला वाटतं तो पेलोडच्या (उचललेल्या भाराच्या) गुरुत्वमध्याच्या आकड्यामुळे असावा. तुम्ही बघून सांगा.

तुमचा विद्यार्थी,
चाकण