आमचा कर, आमचीच शाळा?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी मुंबईत आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय संपता संपता एका सभासदांनी मुद्दा काढला : एवढा मालमत्ता कर भरतो आपण, तो आपल्याच विभागातल्या शाळांवर खर्च व्हावा, गोवंडीला का जावा? चार माना डोलल्या. मी शेजारच्या या गरीब वस्तीतल्या, गोवंडीतल्या पालिका शाळेत २६ वर्षं शिकवलं. बोलायला उठले, तोवर चहा आला आणि सभा उठली. म्हणून हे पत्र.

अमेरिकेत हे करून झालं आहे. तिथे शाळेच्या पैशातला मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातला एजवुड भाग घ्या. सुमारे ९० टक्के मुलं मेक्सिकन वंशाची. १९६७-६८ साली तिथे १०० डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर होता, आणि त्यातून शाळेला मुलामागे मिळत जेमतेम २६ डॉलर. त्याच परिसरातल्या अलामो हाइट्स या बहुतांशी गोऱ्यांच्या, सुखवस्तू वस्तीत कर ८५ सेंट, मिळकत ३३३ डॉलर! गरीब चढ्या दराने कर भरत होता, तरी ही गत. एजवुडचे पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी हरले.

आपल्याकडे निदान पालिकेची तिजोरी एक आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या घराच्या खोल्या दहा बाय बाराच्या. विभागवार हिशेब मांडला तर त्यांच्या शाळेला खडूसुद्धा मिळणार नाही. (साबण-तेलावरचा जीएसटी त्यांचे आईबापही भरतात, हे सभेत कुणाला आठवलं नाही. शेतकऱ्याच्या घामाचा महसूल वरच्यांच्या शिक्षणावर जातो, असं जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला सुनावलं होतं.)

तिजोरी एक असूनही माझ्या चौथीच्या वर्गात एकच पंखा होता, तोही दाराशी. मुलं पाळीपाळीने त्याखाली बसत. कोणत्या रांगेचा कोणता वार, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असे. एकदा एका कंपनीची माणसं शाळेला मदत करायची म्हणून आली. गाडी गल्लीत शिरेना. त्यांनी मग हमरस्त्यावरची शाळा पसंत केली.

पालिकेने शाळावार, मुलामागे किती खर्च होतो ते दरवर्षी छापावं. पुढच्या सभेत तो कागद घेऊनच बसेन, चहाच्या आधी.

– एक निवृत्त शिक्षिका, चेंबूर