डिस्चार्ज मिळाल्यावर म्हाताऱ्या माणसाला ठेवायचं कुठे?

मा. संपादक,
स. न.

ठाण्यात हॉस्पिटलं वाढतायत, घोडबंदर रोडला तर बघायलाच नको, पण पॅरालिसिस झालेल्या किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांना डिस्चार्जनंतर ठेवायचं कुठे याचं उत्तर कोणाकडेच नाहीये. हॉस्पिटल म्हणतं ट्रीटमेंट संपली, घरी न्या. वृद्धाश्रमात फोन केला की पहिला प्रश्न, स्वतःचं स्वतः बाथरूमला जातात का? नाही म्हटलं की विषय संपला.

मग उरते ब्युरोची, म्हणजे पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची मावशी. बारा तासांची शिफ्ट, ती आली नाही तर घरातल्या बाईची रजा, आणि नळीतून जेवण देणं, कॅथेटर सांभाळणं, दर थोड्या वेळाने कूस बदलणं हे तिला कोणी नीट शिकवलेलंच नसतं, बिचारीचा तरी काय दोष. बेडसोर, म्हणजे पडून पडून अंगाला जखमा झाल्या की पुन्हा हॉस्पिटल. मेडिक्लेम नुसत्या देखभालीचे पैसे देत नाही.

राज्यात नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे तो 1949 चा. 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक झालं, चांगलंच झालं, पण सगळा विचार हॉस्पिटल डोळ्यासमोर ठेवून. जो माणूस बरा होऊन घरी जाणारच नाही, ज्याला वर्षानुवर्षं नर्सिंग लागणार, त्याचं काय? केंद्राच्या 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान एक, दीडशे जणांचा वृद्धाश्रम सांगितलाय, पण तो निराधारांसाठी, आणि तोही सरकार काढू 'शकेल' असा. केवढा मोठा आपला जिल्हा! आणि स्वतःच्या नावावर वन बीएचके असलेला पेन्शनर निराधार धरत नाहीत, खाजगी केअर सेंटरची फी मात्र त्याची पेन्शन खाऊन टाकते.

माझं स्पष्ट मत आहे की राज्याने नर्सिंग होमच्या कायद्यातच दीर्घकाळ नर्सिंगसाठी वेगळा वर्ग करावा, किती पेशंटमागे किती नर्स हे त्यात ठरवावं, अचानक तपासणी ठेवावी, आणि मुख्य म्हणजे बेड वाढवायची जबाबदारी महापालिकांवर टाकावी. जागा नाही हे कारण ठाण्यात तरी चालणार नाही, किसननगरला क्लस्टर, म्हणजे जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास होतोय, जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला चालल्यात, त्यातल्या सुविधा भूखंडांवर अशी केंद्रं का नाही होऊ शकत? गार्डन आणि पार्किंग हवंच, पण हेही हवं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ठाणे-नवी मुंबईच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून हा प्रश्न लावून धरावा ही कळकळीची विनंती.

एक वाचक, वर्तकनगर, ठाणे