फाइल पाठवतोय

बार्शी
शुक्रवार

चि. अश्विनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुनील रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे फाइल देतोय. फोनवर सांगायला गेलो तर परवासारखं होईल, म्हणून लिहितोय. परवा मी पुन्हा गेल्या वेळच्या कटऑफचं, किती गुणांनी राहिलं त्याचं, काढायला नको होतं. तुझी आई म्हणाली, पोरीला बँकेच्या नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलंय आणि तुम्ही मागचं काय उकरून काढता. बरोबर आहे तिचं.

ओबीसीचं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र सगळ्यात वर ठेवलंय. केंद्राच्या नमुन्यातलं आहे. राज्याचं बँकभरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसला चालत नाही हे सेतूतल्या पोराला समजावण्यात आणि प्रांत ऑफिसच्या हेलपाट्यांत आठवडा गेला. तारीख याच आर्थिक वर्षातली आहे, तरी तू बघून घे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी. अर्जात कसं लिहिलंस ते ताडून बघ. झेरॉक्सचे दोन संच आहेत, त्यांवर सह्या तूच करायच्या.

त्याच कप्प्यात मला अर्ज भरतानाचा कागद सापडला. अंगठ्याचा ठसा तीनदा फिसकटला होता, आठवतं? माझंच स्टॅम्प पॅड होतं. तुझी आजी बँकेत अंगठा द्यायची आणि घरी येईपर्यंत तो हात पदरात लपवायची. तुझ्या कागदावर ठशाशेजारी सही आहे आणि खाली तुझ्या अक्षरात ते इंग्रजी प्रतिज्ञापत्र. तो कागद फाइलमध्ये घातला नाही. माझ्याकडेच राहू दे.

आता मुलाखतीचं. शेवटच्या यादीत मुख्य परीक्षेला 80 टक्के वजन आणि मुलाखतीला 20 टक्के, हे तू मला शिकवलंस. म्हणजे मुलाखतीच्या 100 गुणांतला एक गुण त्या यादीत पॉइंट दोन. गेल्या वेळी पॉइंट चारने राहिलं, म्हणजे मुलाखतीतले दोन गुण. बघ, पुन्हा तिथेच आलो. पण हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मी कितीदा केलाय.

वडील काय करतात म्हणून विचारतील. गेल्या वेळी तू ‘बिझनेस’ सांगितलंस. मला वाईट वाटलं होतं, तेव्हा बोललो नाही. पिग्मी एजंट म्हणून सांग. भुसार लायनीत, पानटपरीवर, भाजीवाल्या मावशीकडून रोज दहा-वीस रुपये गोळा करणं हे बँकेचंच काम आहे. सिंडिकेट बँकेने पिग्मी 1928 साली सुरू केली, ती बँक 2020 मध्ये कॅनरात गेली. एवढं सांगितलंस तर पुढचे दोन प्रश्न तुझ्याच घरातले येतील. येत नसेल ते येत नाही म्हणून सांगायचं. पेपरात चुकलं की पाव गुण जातो, इथे ठोकून दिलं की माणसावरचा विश्वास जातो. मी लेक्चर देतोय, कळतंय मला. माफ कर. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पतसंस्था बुडाली तेव्हाचं विचारलं तरी सांग. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखा पाच लाखांचा विमा नसतो, हे तुला पुस्तकात वाचण्याआधी घरात कळलं. तू सातवीत होतीस. लोक माझ्या तोंडाकडे बघून पैसे भरत होते. मी फोन बंद करून आतल्या खोलीत बसलो आणि दारात तू सांगायचीस, पप्पा घरी नाहीत. तीन दिवस. लहान लेकराला मी खोटं बोलायला लावलं.

गेल्या वेळी निकालानंतर तुझा फोनही तीन दिवसच बंद होता. तुला सांगितलं नव्हतं, दुसऱ्या रात्री मी गाडी धरून पुण्याला आलो होतो. पहाटे स्वारगेटला उतरून नवी पेठेत चालत गेलो. तुझ्या अभ्यासिकेच्या जिन्यापाशी तुझी चप्पल दिसली, डाव्या पट्ट्याला टाका घातलेली. वर यायचा धीर झाला नाही. तुला वाटलं असतं पप्पा जाब विचारायला आले. अर्धा तास खाली थांबलो आणि परतीची गाडी धरली. आईला सांगितलं, सोलापूरला काम होतं.

ह्या वेळी काय व्हायचं ते होवो. नाही झालं तर वयाची बरीच वर्षं आहेत तुझ्याकडे, ओबीसीला तेहतीस वर्षांपर्यंत अर्ज भरता येतो. दादाच्या लग्नाचं तू मनावर घेऊ नकोस, ते आमचं आम्ही बघू. मेसचं जमत नसेल तर डबा लाव, पैसे पाठवतो. फक्त फोन बंद ठेवू नकोस. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी काही विचारणार नाही. नुसता चालू ठेव.

आईने शेंगाचटणी दिलीय. आधी थोडी मैत्रिणींना दे.

तुझे
पप्पा

ता. क. सुनील दुपारपर्यंत स्वारगेटला पोचेल. फाइल हातात पडली की मिसकॉल दे.