ब इमारतीमागचा राडारोडा, त्यातली घोणस आणि माझ्या कुंड्या : अध्यक्षांना चौथं पत्र

दि. ३ ऑगस्ट २०२५
प्रति,
मा. अध्यक्ष, आपली गृहनिर्माण संस्था, पाषाण, पुणे

विषय : ब इमारतीमागचा राडारोडा, त्यातले साप आणि मला आलेली दंडाची नोटीस

स. न. वि. वि.

आधीची तीन पत्रं (१२ जून, ३० जून, २३ जुलै) ऑफिसात दिली होती, तिन्हींवर पोच आहे. तिसऱ्याचं उत्तर परवा आलं. त्यात ‘साप’ हा शब्दच नाही. माझ्या दाराबाहेरच्या ४१ कुंड्या ही सामाईक जागेतली अडगळ आहे, सबब ५०० रुपये दंड, एवढाच मजकूर. मी घोणशीबद्दल लिहिलं आणि समितीला मोगरा दिसला. म्हणून हे पत्र जरा लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

आपण टेकडीच्या पायथ्याशी राहतो. बाणेर-पाषाण टेकडीवर साप होते म्हणून इथले फ्लॅट कुणी स्वस्तात दिले नव्हते, आणि साप येतात म्हणून मी तक्रार करतही नाही. ते आपल्या आधीपासून इथे आहेत. माझी तक्रार आपण त्यांना मांडून दिलेल्या संसाराबद्दल आहे.

क-३०१ च्या बाथरूमचं काम २०२३ च्या दिवाळीआधी झालं. फुटक्या फरश्या, विटा, एक पांढरा कमोड असा सगळा माल ‘पंधरा दिवसांसाठी’ ब इमारतीमागे, म्हणजे माझ्या शयनगृहाच्या खिडकीखाली आला. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. क-३०१ चे मालक रोज सकाळी आपल्याबरोबर टेकडीवर फिरायला असतात. मी फक्त नोंद करतो आहे. त्या ढिगालगतच्या भिंतीवर अ-१०४ मधल्या काकू पारव्यांना रोज किलोभर ज्वारी घालतात. पारवे निम्मी खातात, निम्मी सांडतात, सांडलेली उंदीर खातात. उंदीर ढिगात राहतात. पुढचं सांगायला सर्पतज्ज्ञ लागत नाही.

मे महिन्यात तिथे धामण निघाली. चांगली सहा फूट. सेक्रेटरी ‘नाग, नाग’ ओरडले आणि वॉचमनने काठीने तिला ठेचली. मी खाली पोचेपर्यंत शेपटी तेवढी हलत होती. फणा नाही, विष नाही, आणि सबंध सोसायटीत फुकट उंदीर मारणारी ती एकटी. ज्या कंत्राटदाराला आपण दर तिमाहीला पैसे मोजतो, त्याचा एकही मेलेला उंदीर मी आजवर पाहिलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिला मारणं गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. मी वनखात्याला कळवलेलं नाही. अजून.

जूनमध्ये अ-२०३ च्या बाथरूममध्ये साप आला, तोही दुसऱ्या मजल्यावर. ‘मण्यार’ म्हणून रात्रभर कुणी झोपलं नाही. सर्पमित्र म्हणाले, हा कवड्या. बिनविषारी असतो, भिंतीवर सहज चढतो, पालींच्या मागे येतो. पट्ट्यांमुळे लोक त्याला मण्यार समजतात. विषय इथे संपायला हवा होता. पण ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की हे क-३०२ मधल्या मुलाने पाळलेल्या अजगराचं पिल्लू, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या हाती नोटीस पडली.

इथे एक कबुली देतो. त्याच्याविरुद्धच्या अर्जावर माझीही सही आहे, सातव्या क्रमांकाची. ती मी या पत्राद्वारे मागे घेतो. पाण्याच्या टँकरबद्दलचा अर्ज आहे असं सांगून माझ्याकडून सही घेतली होती. (वाचून करायला हवी होती, हे मान्य.) नंतर मी त्या मुलाला दोन शब्द सुनवायला म्हणून वर गेलो. काचेची पेटी, वर दिवा, आणि कोपऱ्यात चुंबळीसारखं वेटोळं करून बसलेला साप. डोकं मधोमध लपवलेलं. बॉल पायथन, मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, बिनविषारी. घाबरला की असा चेंडू होतो म्हणून नाव बॉल. दहा-बारा दिवसांनी एक उंदीर खातो, तोही फ्रीजरमधला, कोमट पाण्यात सैल केलेला. मुलाने परदेशी प्राणी पाळण्याबाबतच्या केंद्राच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केली आहे, कागद मी वाचले. पेटीला कुलूप आहे. शिवाय तो नर आहे आणि बॉल पायथनची मादीसुद्धा अंडी घालते. एकटा नर नळातून खाली पिल्लं सोडतो, ही माहिती समितीला कुठून मिळाली ते कळावं.

फ्रीजमुळे मी त्यांच्याकडे चहा घेतला नाही, ही गोष्ट वेगळी. पण भारतीय अजगर किंवा नाग पाळला तर गुन्हा, आणि हा नोंदवलेला परदेशी साप पाळला तर नाही, एवढा फरक समितीने समजून घ्यायला हरकत नव्हती.

आता २२ जुलै. मंगळवार, रात्री पावणेदहा. सौ. आतून म्हणाल्या, “अहो, एवढ्या रात्री कुकर कुणी लावला?” शिट्टी होईना, नुसती वाफ सुटत राहिली. मी बॅटरी घेऊन मागे गेलो. ढिगापासून चार पावलांवर, माझ्या स्कूटरच्या स्टँडपाशी घोणस. तपकिरी अंगावर साखळीसारखे ठिपके, मनगटाएवढी जाड, आणि तो आवाज तिचा. मी तिथेच उभा राहिलो. सर्पमित्र चाळीस मिनिटांत आले, स्टिकने तिला अलगद नळीत घेतलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि जाताना ढिगावर बॅटरी मारून म्हणाले, “काका, हे आधी हलवा. हिला पिल्लं झाली असतील तर एकदोन नसणार.” घोणस अंडी देत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस, आणि पिल्लं जन्मापासून विषारी. हे सगळं २३ तारखेच्या पत्रात आहे. त्याचंच उत्तर म्हणजे कुंड्या.

मधल्या काळात समितीने केलं काय? फिनेल आणि कार्बोलिक ॲसिड शिंपडलं. बोर्डावर १,८४० रुपयांचं बिल लागलं आहे. साप त्याने जात नाहीत, माझं मात्र दोन दिवस डोकं दुखत होतं. नागपंचमीला ढिगापाशी दुधाची वाटी ठेवली गेली, सकाळी ती रिकामी दिसल्याचा आनंद ग्रुपवर व्यक्त झाला. दूध प्यायलेलं मांजर मी खिडकीतून पाहिलं आहे. ऑफिसातल्या प्रथमोपचार पेटीत ‘सर्पदंश’ अशी चिठ्ठी लावून ब्लेड आणि सुतळी ठेवली आहे. चिरायचं नसतं, आवळून बांधायचंही नसतं. चावलेला अवयव हलू न देता माणसाला थेट रुग्णालयात न्यायचं असतं, जिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं प्रतिविष मिळेल. ते ब्लेड कृपया काढा. कुणीतरी वापरेल.

तळमजल्यावरच्या सातही घरांचं म्हणणं हेच आहे. ००५ वाले सध्या मुलाकडे अमेरिकेत असतात, पण इथे असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. ढीग आठ दिवसांत क-३०१ च्या खर्चाने उचलावा. ज्वारी बंद व्हावी, निदान काकूंनी ती स्वतःच्या बाल्कनीत घालावी. गटारांच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. बोर्डावर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावावा आणि वॉचमनच्या हातात काठीऐवजी बॅटरी द्यावी. क-३०२ ची नोटीस मागे घ्यावी. माझा दंडही. कुंड्यांखाली बशा आहेत आणि मी त्या रोज हलवतो, सेक्रेटरींनी येऊन पाहाव्यात.

हे जमणार नसेल तर समितीची पुढची सभा ऑफिसात न घेता ब इमारतीमागे, रात्री पावणेदहाला घ्यावी. खुर्च्या मी देतो. पायात बूट घालून यावं.

सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेपर्यंत काही हाललं नाही, तर पोच असलेल्या चारही पत्रांच्या प्रती उपनिबंधक कार्यालयात देईन.

कळावे,
आपला,
ब-००२

ता. क. : पत्र द्यायला खाली उतरलो तेव्हा ढिगावर आणखी एक कमोड आलेला दिसला. हा निळा आहे.