चिठ्ठी निघाल्यानंतर

संपादक महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच गृहनिर्माण सोसायट्यांत समितीसाठी नावेच पुढे येत नाहीत. मग सर्वसाधारण सभेत हमखास सूचना येते, ‘चिठ्ठ्या टाका, अथेन्समध्येही असेच चाले.’ प्राचीन ग्रीसमधल्या या नगरराज्यात तसे चाले हे खरे. पण चिठ्ठी हा तिथल्या व्यवस्थेचा पहिला टप्पा होता, आणि बाकीचे दोन टप्पे कोणी सांगत नाही.

इ.स.पू. 508-507 मधल्या क्लेइस्थेनीस या नेत्याच्या सुधारणांनंतर अथेन्समध्ये नागरिकांचे 10 गट, म्हणजे गण, झाले आणि प्रत्येकी 50 सदस्यांची मिळून 500 जणांची परिषद बसली. पुढे हे सदस्य चिठ्ठीने ठरू लागले. वयाची तिशी ओलांडलेली हवी, मुदत एक वर्ष, आणि आयुष्यात फार तर दोनदा संधी. खटल्यांचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या न्यायसभांसाठी दरवर्षी 6000 नागरिकांची यादी निघे. इ.स.पू. चौथ्या शतकात, त्या यादीतून त्या-त्या दिवशी कोण बसणार हे ठरवायला, खाचांच्या रांगा असलेली दगडी शिळा वापरत. नाव, वडिलांचे नाव आणि गाव कोरलेल्या पट्ट्या खाचांत बसवायच्या आणि बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या एकेक सोडायच्या. पांढरी आली की आडवी रांग अख्खी आत, काळी आली की ती रांग घरी. हे सगळे खटल्याच्या दिवशी सकाळी होई. कोणापुढे कोणता खटला येणार हे आधी कळतच नसे, मग लाच द्यायची कोणाला? मला या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. अर्थात स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी यांना यात जागा नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

आता राहिलेले दोन टप्पे. चिठ्ठी निघाल्यावर, पद हाती देण्याआधी, जाहीर तपासणी होई. आईवडील कोण, त्यांना नीट सांभाळतोस का, कर भरतोस का, लष्करी मोहिमांवर गेलास का, असे विचारून साक्षीदार बोलावत आणि कोणाचा आक्षेप आहे का, हेही विचारत. मुदत संपल्यावर हिशेब. तो मंजूर होईपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे आणि स्वतःची मालमत्ताही विकता येत नसे. शिवाय जिथे खास कसब लागते तिथे चिठ्ठी नव्हतीच. दहा सेनापती मतदानाने निवडले जात आणि पुन्हा पुन्हा निवडून येऊ शकत.

सहकार कायद्याप्रमाणे आपली व्यवस्थापक समिती निवडणुकीनेच यावी लागते. म्हणून चिठ्ठी वापरायचीच तर पाणी, पार्किंग, सण-उत्सव अशा उपसमित्यांसाठी, आणि एका वर्षासाठीच वापरावी. नाव निघाले की त्या सदस्याची देखभाल शुल्काची थकबाकी आणि सोसायटीच्या कंत्राटदाराशी असलेला संबंध सभेतच विचारावा. मोठ्या दुरुस्तीचे काम मात्र जाणकाराकडेच द्यावे. आणि मावळत्या उपसमितीने पावत्या, बँकेचे उतारे व अपुऱ्या कामांची यादी सभेपुढे ठेवून ती मंजूर करून घेतल्याशिवाय पुढची चिठ्ठी काढू नये.

— इतिहासाचा एक अभ्यासक, ऐरोली, नवी मुंबई